गळपट्टा

उजनी धरणाच्या फुगवट्यावर सौर पॅनेलं अंथरली, त्या पहिल्या हिवाळ्यात पट्टकादंब, थंडीत उत्तरेकडून येणारे रानहंस, नेहमीसारखे आले आणि नेहमीसारखे संध्याकाळच्या उजेडात पाण्यावर उतरायला लागले. फक्त ते उतरत होते तिथे पाणी नव्हतं, काच होती.

तृप्ती गलांडे आणि इनामदार डॉक्टर तेव्हा कुंभारगावच्या काठावर दुर्बीण लावून बसले होते. वरून ती पॅनेलं पाण्यासारखीच चकाकत असणार. मोठा थवा पंख आखडून, पाय पुढे काढून, पाण्यावर घसरत थांबायच्या तयारीने खाली आला. स्टीलची ताटं ओट्यावरून पडावीत तसा आवाज झाला. मग पुन्हा. मग सलग होतच राहिला.

"होडी काढा!" डॉक्टर ओरडले.

पॅनेलांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यातून दोघं आत गेले. काही कादंब काचेवर पसरून पडले होते, काही पाण्यात एका अंगावर तरंगत होते. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, पिवळी चोच. या पक्ष्याला तृप्तीने गेली अठरा वर्षं हातात धरलं होतं, पण इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर एकेकाची छाती चाचपत होते. छातीचं हाड मोडलेलं असलं की ते मान हलवायचे आणि बॅगेतली सुई काढायचे. पाय मोडलेले तृप्ती पोत्यात गुंडाळून होडीच्या तळाशी ठेवत गेली. काठावर परत आले तेव्हा होडीत जिवंत पक्षी फार थोडे होते.

डॉक्टर हात धूत म्हणाले, "बाकीचे उद्या इथंच येणार. परवाही. त्यांच्या आज्या-पणज्या इथंच उतरत आल्यात."

यासीन इनामदार इंदापूरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झालेले. गाई-म्हशींवर नोकरी केली, जीव पक्ष्यांवर. तृप्तीचं पेठेत चष्म्यांचं दुकान. नवरा गेला तेव्हा शर्वरी नऊ वर्षांची होती. दुकान बंद करून तृप्ती संध्याकाळी काठावर नुसती बसून राहायची. डॉक्टरांनी एक दिवस विचारलं, "काचा घासता ना तुम्ही? मग हात थरथरत नसणार. उद्या पहाटे या." दुसऱ्या दिवशी हरभऱ्याच्या रानात तिने आयुष्यातला पहिला कादंब धरला, त्याच्या पायात पिवळं कडं घातलं आणि सोडून दिला. कड्यावर सात आकडा होता. ती मादी होती. पुढच्या नोव्हेंबरात तीच मादी, तेच कडं, त्याच रानात चरताना दिसली. मंगोलियाला जाऊन, हिमालय दोनदा ओलांडून, इंदापूरच्या हरभऱ्यात. तृप्ती बांधावर बसून रडली होती. तेव्हापासून ती मादी सगळ्यांचीच 'सातवी' झाली.

कडं घालायचं ते एवढ्याचसाठी. पक्षी कुठून येतो, कुठं जातो, किती जगतो, कुणाबरोबर राहतो, हे एरवी कळायला मार्ग नाही. इंदापूरच्या या हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं कडी घातली आणि दुर्बिणीतून वाचली. त्यातून एक गोष्ट नक्की झाली होती. कादंबाच्या पिल्लाला वाट जन्मतः येत नाही. ते आईबापांच्या मागे एकदा उडतं, आणि तीच वाट त्याची होते. थव्यात पुढे उडणाऱ्या म्हाताऱ्या माद्या हाच त्या थव्याचा नकाशा. आणि या माद्या कोणत्या, हे तृप्तीला लांबूनही ओळखता यायचं.

*

शर्वरी आता पुण्यात, उजनीवर ही पॅनेलं अंथरणाऱ्या कंपनीतच काम करत होती. जानेवारीत ती घरी आली ती एक डबी घेऊन. डबीत करंगळीएवढ्या जाडीचा, राखाडी, हलका गळपट्टा होता. वरच्या बाजूला नखाएवढा सौर पत्रा. तिने डॉक्टरांनाही दुकानात बोलावून घेतलं.

"आई, तुझी तपासणीची फ्रेम दे," ती म्हणाली. फ्रेम आईच्या नाकावर चढवून तिने डाव्या बाजूला तेल लावलेली एक काच बसवली. "आता दरवाज्याकडे बघ. मग मान फिरव. काय दिसतं?"

"डावीकडं धुरकट."

"चालत जायचं असेल तर कुठून जाशील?"

"उजवीकडून. स्वच्छ दिसतंय तिकडून."

"बस, एवढंच करतो हा पट्टा."

मग तिने नीट सांगितलं. पक्ष्याच्या डोळ्यात, मागच्या पडद्यावर, एक प्रथिन असतं. त्यावर निळा प्रकाश पडला की त्यातल्या इलेक्ट्रॉनांची एक जोडी सुटी होते, आणि पृथ्वीचं चुंबकत्व त्या जोडीला किंचित इकडेतिकडे वळवतं. त्यामुळे पक्ष्याला दिशा बहुधा दिसतच असावी, आकाशात कुठे गडद, कुठे फिकट छटा असल्यासारखी. अगदी दुबळ्या रेडिओ लहरींनीही ती छटा विस्कटते, हे प्रयोगशाळेत कधीचं माहीत होतं. पट्ट्यात एक होकायंत्र होतं. पक्ष्याचं तोंड ठरावीक दिशेला झालं की पट्टा लहरी सोडायचा आणि तेवढ्या दिशेला धूर पसरायचा. पक्षी आपण होऊन वळायचा. दुखत नाही, खुपत नाही.

"आपण उजनीच्या दिशेला धूर लावायचा," शर्वरी म्हणाली. "वरून येताना कादंब पैठणला नाथसागरापाशी थांबतील. तिथं पाणी मोकळं आहे. सगळ्यांना पट्टा लागत नाही. पुढे उडणाऱ्या माद्यांना घातला की थवा त्यांच्या मागे."

डॉक्टरांनी पट्टा हातात घेऊन पाहिला आणि परत डबीत ठेवला.

"तुमच्या साहेबांना म्हणावं, निम्मं पाणी मोकळं सोडा. पक्ष्याच्या डोक्यात हात घालायची गरज पडणार नाही."

"मागितलं, डॉक्टरकाका. पुन्हा पुन्हा मागितलं. नाही म्हणाले. पॅनेलं हलणार नाहीत. मग आता काय करू? पुढच्या हिवाळ्यातही तुम्ही होडी घेऊन मोडके पाय गोळा करणार?"

"करीन."

"आणि त्याच्या पुढच्या?"

सत्तरीच्या माणसाला विचारायचा प्रश्न नव्हता तो. शर्वरीलाही ते कळलं. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. लहानपणी हीच पोर त्यांच्या खांद्यावर बसून दुर्बिणीला डोळा लावायची.

"पोरी, मी जनावरांचा डॉक्टर," ते सावकाश म्हणाले. "जनावर आजारी असलं तर त्याला औषध द्यायचं. इथं आजारी पक्षी नाही, तळं आहे. आणि औषध तू पक्ष्याला देतीयेस." मग तृप्तीकडे वळले. "पुढे कोण उडतं ते मला पुसट दिसतं आता. दाखवणार तूच. तूच ठरव."

तृप्तीने लेकीकडे पाहिलं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. होडीतले पक्षी तिने फोनवर पाहिले होते आणि तिथून पुढे वर्षभराचं काम महिन्यांत रेटलं होतं. तृप्तीला तो आवाज आठवला, काचेवरचा.

"घालू," ती म्हणाली.

डॉक्टरांनी टोपी उचलली. "जाळं लावायला मला बोलावू नका," एवढंच म्हणून ते पायऱ्या उतरले.

*

फेब्रुवारीत हरभऱ्याच्या रानात नायलॉनचे फास लावून त्यांनी माद्या धरल्या. तृप्ती बांधावर पालथी पडून दुर्बिणीतून सांगायची, "ती डावीकडची, मान ताठ ठेवून चरतेय ती. तिच्या मागे सगळे सरकतायत बघ." आणि तीच सापडेपर्यंत बाकीच्यांना सोडून दिलं जायचं. सातवी शेवटी सापडली. डोक्यावर फडकं टाकल्याबरोबर ती नेहमीसारखी शांत झाली. तृप्तीने पट्टा मानेभोवती नेऊन चाप दाबला. चापाचा अगदी बारीक आवाज झाला. मग तिने तिला उचलून वाऱ्याच्या दिशेला सोडलं.

त्या वसंतात पट्टे मुकेच ठेवले होते, ते फक्त पक्षी कुठे आहे तेवढं कळवायचे. नकाशावर ठिपके सरळ उत्तरेला गेले. गंगेच्या मैदानातल्या तळ्यांवर थांबले, ओळखीच्या खिंडीतून पलीकडे उतरले. पुढच्या हिवाळ्यात शर्वरीने धूर चालू केला, आणि ठरल्याप्रमाणे थवे नाथसागरावर येऊन थांबले. रोज संध्याकाळी दोन-चार थवे दक्षिणेला उठायचे, थोडं अंतर जायचे, हवेत घोटाळायचे आणि परत फिरायचे. म्हणून पट्टे बंद करता येत नव्हते. हिवाळाभर धूर चालूच राहिला.

उजनीच्या पॅनेलांवर त्या वर्षी एकही कादंब आपटला नाही. वर्तमानपत्रांत शर्वरीचा फोटो आला. दुकानात गिऱ्हाईकं पेढे मागायची. तृप्तीने काउंटरवर बरणीच भरून ठेवली.

डिसेंबरात ती पैठणला जाऊन आली. मोकळं निळं पाणी, त्यावर हजारो पक्षी. सातवी काठावर उभी होती. दुर्बिणीत तृप्तीला एवढंच जाणवलं की ती मान जरा वाकडी करून उभी आहे, कुणी काही सांगतंय आणि नीट ऐकू येत नाही अशी. वाऱ्यामुळे असेल, असं तिला वाटलं. परतताना तिने डॉक्टरांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"जगले, हे बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "मी इकडे काठावर आहे. इथं काही नाही. चांगलंय." आणि फोन ठेवला.

*

मार्चमध्ये, कादंब उत्तरेला निघायच्या दिवसांत, पिठाची गिरणी चालवणाऱ्या राजमाने मावशी दुकानात आल्या त्या भिंत धरतच.

"तृप्ती, तुझा चष्मा घे परत बाई. फरशी तिरकी दिसतीय मला. काल जिन्यात पडता पडता वाचले."

तृप्तीने चष्मा तपासला. काच बरोबर होती, अक्ष बरोबर होता. "आधीचा कुठून केला होता मावशी?"

"शिबिरात. दिवाळीच्या आधी. त्यानं बरं दिसायचं की."

"तो चुकीचा होता. सिलिंडर नंबराची काच वाकडी बसवली होती त्यांनी. सुरुवातीला त्यानंही तिरकं दिसलं असेल?"

"दिसलं की. मग झाली सवय."

"तेच. चार महिने वाकड्या काचेतून बघितलंत, डोक्यानं सगळं सरळ करून घेतलं. आता बरोबर काच घातली तरी डोकं अजून वाकडंच सरळ करतंय. जाईल पंधरावीस दिवसांत. तोवर जिना जपून..."

मावशी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तृप्तीच्या डोळ्यांसमोर पैठणचा काठ होता आणि मान वाकडी करून उभी असलेली सातवी. नंबर चुकलेला माणूस अशीच मान वाकडी करतो. रोज बघत होती ती.

मावशींना बसवून ती मागच्या खोलीत गेली आणि लेकीला फोन लावला.

"शर्वरी, पट्टे बंद केलेस?"

"काल संध्याकाळी. निघायचे दिवस आलेत ना. का गं?"

"चार महिने धुरातून बघितलंय त्यांनी. त्यांच्या डोक्यानं त्या धुराची सवय करून घेतली असेल. दिशाच फिरली असेल त्यांची. सवय जायला किती दिवस लागतात?"

"मॉडेलमध्ये दोन दिवस येतात."

"कशावरून?"

"कबुतरांवरून. पण..." शर्वरीचा आवाज बदलला. "पण कबुतरांवर पट्टा आठवडाभरच होता, आई."

तृप्ती खाली स्टुलावर बसली.

"एवढं काही होणार नाही," शर्वरी भरभर बोलायला लागली. "त्यांना सूर्य दिसतो, तारे दिसतात, नद्या दिसतात. आभाळ स्वच्छ असलं तर दोन दिवसांत चूक दुरुस्त करतील. फक्त ढग असले तर... थांब, हवामान बघते." कळा दाबल्याचा आवाज. मग हळू, "पश्चिमी झंझावात येतोय. उत्तरेत सगळीकडे ढग आहेत."

"त्यांना थांबवता येईल?"

"सगळीकडून धूर लावला तर थांबतील कदाचित. नाहीतर बिथरून रात्रीच उठतील. कधी केलेलं नाही. आणखी एक करता येईल. धूर उलट्या बाजूने लावायचा, म्हणजे डोकं जितकं फिरलंय तितकं परत फिरेल. पण किती फिरलंय ते मला माहीत नाही. प्रत्येकीचं वेगळं असणार. जास्त झालं तर दुसऱ्या बाजूला भरकटतील." तिने श्वास घेतला. "साहेबांना विचारलं तर ते काहीच करू देणार नाहीत. पण बटन माझ्याकडे आहे. तू सांग, आई. तू इतकी वर्षं डोळे बघतेस. उलटा लावू की बंदच ठेवू?"

तृप्तीने आयुष्यात एकाही माणसाला डोळा तपासल्याशिवाय नंबर दिला नव्हता. अंदाजाने काच घालायची नाही, हे सासऱ्यांनी तिला दुकानात उभं राहिल्या दिवशी शिकवलं होतं. बाहेर मावशी खोकत होत्या.

"बंद ठेव," ती म्हणाली. "न तपासता आणखी ढवळायला नको."

"नक्की?"

"नक्की."

कादंब दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठले.

*

तृप्ती पुण्याला गेली. शर्वरीच्या खोलीत भिंतीवर नकाशा लावलेला होता. माद्यांचे ठिपके त्यावर सरकत होते. एका ठिपक्यामागे तिची पोरं, त्यांची पोरं, शेजारची घरं, असा सगळा थवा. पहिल्या सकाळी ठिपके नेहमीच्या वाटेच्या थोडे पूर्वेला होते. तळहाताने झाकावं एवढं अंतर. पण वाट तिरकी असली की प्रत्येक मैलाला अंतर वाढतं. गंगेच्या मैदानातली विसाव्याची तळी पश्चिमेला राहून गेली. वर ढगांचं झाकण, खाली ओळखीचं काही नाही. दोन थवे एका शहरावर बराच वेळ घिरट्या घालत राहिले आणि पुढे निघाले. पोटात दाणा नव्हता.

"ओळखीची खिंड कुठाय?" तृप्तीने विचारलं.

शर्वरीने बोट ठेवलं. ठिपके तिथून फार पूर्वेला होते. त्यांच्यासमोर खिंड नव्हती, नेपाळातली सगळ्यात उंच भिंत होती. कादंब उंच उडतो खरा, इतर कुठल्याही पक्ष्याला जमणार नाही इतका उंच उडतो. पण तोही दऱ्यांमधून, पहाटेच्या स्थिर हवेत, भरल्या पोटाने. हे थवे उपाशी होते आणि वर बर्फाचं वादळ होतं.

"आता उलटा लाव," तृप्ती म्हणाली. "लाव ना गं काहीतरी!"

"आता सगळीकडे डोंगरच आहे, आई. कुठं वळवू?"

ठिपके चढत गेले. उंचीचा आकडा वाढत होता, वेग कमी होत होता. मग एक ठिपका थांबला. शर्वरीने त्याच्यावर बोट ठेवून थोडा वेळ वाट पाहिली. दुसरा थांबला. काही ठिपके मागे फिरले, दरीत उतरले आणि तिथे थांबले. तृप्तीला प्रत्येकीचं वजन आठवत होतं. कोण हात चावायची, कोण फडकं टाकताच निजायची. ती ठिपक्यांकडे पाहत त्यांच्या कड्यांचे आकडे म्हणत बसली, आणि म्हणता म्हणता ठिपके थांबत गेले.

सातवीचा ठिपका भिंतीच्या माथ्यापर्यंत गेला, माथ्यावर रेंगाळला आणि पलीकडे उतरला. तिबेटच्या बाजूला, एका नदीजवळ, तोही थांबला.

शर्वरीने नकाशाकडे पाठ केली आणि जमिनीवर बसली. तिला जवळ घ्यावं म्हणून तृप्ती उठली, पण पोरीपर्यंत गेलीच नाही. मध्येच उभी राहिली. बटन पोरीचं होतं, शब्द तिचा होता. कुणी कुणाला जवळ घ्यायचं ते तिला कळेना.

*

कंपनीने अहवाल काढला. वादळामुळे पक्ष्यांचं नुकसान झालं, ते दुर्दैवी; प्रकल्पावर पक्षी आपटण्याचं प्रमाण मात्र शून्यावर आलं आहे. दुसऱ्या एका राज्यातल्या धरणावर करकोच्यांसाठी तेच पट्टे मागवले गेले. शर्वरीने सगळं लिहून वरिष्ठांना दिलं. त्यांनी तिचे आभार मानले आणि पट्टे पाठवले. तिने नोकरी सोडली आणि इंदापूरला येऊन मागच्या खोलीत पडून राहिली. जेवायची नाही, केस विंचरायची नाही. तृप्ती ताट ठेवायची आणि तसंच उचलायची.

मेच्या अखेरीस एका संध्याकाळी शर्वरी आपण होऊन स्वयंपाकघरात आली. हातात फोन होता.

"आई, सातवी हलली."

तृप्तीची पोळी तव्यावरच राहिली. ठिपका खरंच हलला होता. नदीपासून चढावर, थोडाच. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. वादळात जखमी झाली असेल, विसावली असेल, आता बरी होतेय, असं दोघी बोलल्या. त्या रात्री शर्वरी दोन घास जास्त जेवली.

तेव्हापासून तो रिवाजच झाला. दुकान बंद करून आली की तृप्ती चप्पल काढतानाच विचारायची, "आज हलली का गं?" आतून आवाज यायचा, "हलली." मग ती बाहेर येऊन सांगायची, कुठवर गेली, पाण्यापाशी किती थांबली. एवढं बोलताना तिच्या चेहऱ्यावर जुनी शर्वरी दिसायची. जून गेला, जुलै गेला. ती दुकानात मदतीला यायला लागली. लोकांच्या कानांना काड्या बसतात की नाही ते बघायची.

गणपतीत तृप्ती डॉक्टरांकडे मोदक घेऊन गेली. गेले कित्येक महिने ती त्यांच्यासमोर गेली नव्हती. डॉक्टर खाटेवर होते. पाय सुजले होते. त्यांनी मागचं काही काढलं नाही. मोदक खाल्ला आणि शर्वरीचं विचारलं. तृप्तीने सातवीचं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला. सकाळी चढावर जाते, दुपारी नदीवर येते, संध्याकाळी परत आपल्या जागी.

"रोज त्याच जागी?" डॉक्टरांनी विचारलं.

"अगदी त्याच."

"किती लांब जाते दिवसाला?"

तिने सांगितलं.

"आणि पाण्यावर रात्र काढत नाही?"

डॉक्टरांनी वाटी खाली ठेवली. त्यांना बोलायचं नव्हतं हे दिसत होतं.

"नोकरीत असताना मेंढपाळांचे कळप बघितलेत मी आयुष्यभर," ते म्हणाले. "शेळ्या अशा जातात, तृप्ती. सकाळी वर, दुपारी पाण्यावर, संध्याकाळी वाड्यात. बर्फ वितळल्यावर कुणाला तरी सापडला असेल पट्टा. चकचकीत वस्तू. घातला असेल शेळीच्या गळ्यात."

"नाही," तृप्ती म्हणाली.

"बरं," डॉक्टर म्हणाले.

घरी येताना ती पेठेत दोनदा वाट चुकली. दारात चप्पल काढताना आतून शर्वरीची चाहूल आली. आज विचारलं नाही तर पोरीच्या लक्षात येईल. तृप्तीने विचारलं, "आज हलली का गं?"

"हलली," आतून आवाज आला.

*

नोव्हेंबरात कादंब आले नाहीत. उजनीवर नाही, नाथसागरावरही नाही. उत्तरेकडच्या कुणा पक्षीमित्राने कळवलं की बरेलीजवळच्या कुठल्याशा तळ्यावर थोडी पोरसवदा पाखरं दिसतायत. इकडेतिकडे उडतात आणि परत तिथेच येतात. पुढची वाट दाखवायला त्यांच्यात कुणी नाही.

डॉक्टर दिवाळीनंतर गेले. दफनाहून तृप्ती आणि शर्वरी घरी न जाता काठावर आल्या. संध्याकाळ झाली होती. पॅनेलं पार पलीकडच्या तीरापर्यंत पसरली होती. त्यांच्यावर आभाळ उतरलं होतं. आभाळात काहीच नव्हतं.

दोघी बराच वेळ बसल्या. थंडी वाढायला लागली तशी तृप्तीने पदर घट्ट केला आणि सवयीने, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "आज हलली का गं?"

शर्वरीने फोन काढला नाही.

"शेळी आहे ना ती, आई?"

तृप्तीने तिच्याकडे पाहिलं. पोर समोर बघत होती.

"हो," तृप्ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते मला. गणपतीत."

"पट्ट्यात पंखांचे ठोके मोजायची सोय आहे. मला ते दिसतात, नकाशावर येत नाहीत. पंख एकदाही हलले नव्हते. मला जूनपासून माहीत होतं."

"जूनपासून?"

"हं."

"मग रोज 'हलली' असं का सांगायचीस?"

"तू विचारायचीस म्हणून."

पैलतीरावर कंपनीचे दिवे लागले. काचांवर त्यांच्या लांबच लांब रेघा पडल्या.

"तो पट्टा बंद नाही होणार का?" तृप्तीने विचारलं.

"धूर बंद करता येतो. ठिकाण सांगणं नाही. उन्हावर चालतो तो." शर्वरीने गुडघे पोटाशी घेतले. "अजून दहा-बारा वर्षं चालेल."